खंडवाल्या बाई

पाऊस किती पडला, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. समोर शेतकरी असो, तलाठी असो की जिल्ह्याचे मोठे साहेब, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "थांबला किती दिवस?" पडलेला पाऊस कोणीही सांगतो, त्याची नोंद होते, तो पेपरात छापून येतो. न पडलेल्या पावसाचे दिवस कोणी मोजत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात पीक मरतं ते नेमकं त्याच दिवसांत, असं त्यांचं म्हणणं. दोन पावसांमधल्या या कोरड्या दिवसांना सरकारी भाषेत पावसाचा खंड म्हणतात. या खंडाचा त्यांनी इतका पिच्छा पुरवला की दिग्रसपासून पुसदपर्यंतच्या गावांत त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि त्या खंडवाल्या बाई झाल्या. त्यांना हे ठाऊक होतं. एका सरपंचाला फोनवर दोनदा नाव सांगूनही ओळख पटेना, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "खंडवाली बोलून राह्यली, भाऊ." लगेच काम झालं.

मी तेव्हा दिग्रस तालुक्यात कृषी सहायक होतो. चाळिशी उलटली होती आणि नोकरीतली हौस त्याच्या बरीच आधी फिटली होती. त्या वर्षी जिल्ह्याचा हवामान बदलाचा आराखडा तयार व्हायचा होता. पाऊस असाच लहरी होत गेला तर कोणत्या गावात कोणती कामं घ्यायची, टंचाईच्या यादीत कोणाला धरायचं, हे सगळं त्यात ठरणार होतं. पावसाचा आणि जमिनीतल्या पाण्याचा भाग लिहायचं काम भूजल खात्यातल्या या बाईंकडे आलं. आमच्या भागात त्यांना फिरवायला कोणीतरी हवं होतं, आणि नाही म्हणायला ज्याच्याकडे सबब नव्हती तो मी होतो.

पोळा नुकताच झाला होता. बाई यवतमाळहून एसटीनं आल्या. खांद्याला कापडी पिशवी आणि हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. ते माती काढायचं गिरमिट होतं. मी आदल्या दिवशी बसून महसूल मंडळाच्या पावसाचा तक्ता तयार ठेवला होता. यंदा पाऊस सरासरीच्या जवळ आहे, असं मी जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी तक्ता पाहिला आणि तो प्रश्न विचारला. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

"राऊतभाऊ, तुम्ही महिन्याले जेवता किती?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. मोजलं नाही म्हणालो.

"मोजलं तं सरासरी निघन न? आता ते महिन्याभराचं जेवण घरच्यांनी तुमाले चार दिवसांत वाढलं अन् मंग चूल बंद केली, तं जगसान काय? शेतातल्या पऱ्हाटीचं तेच आहे."

त्या दिवसापासून माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर त्या आणि त्यांच्या मांडीवर ते गिरमिट, अशी आमची वरात निघू लागली. नवरदेव कट्यार धरतो तसं त्या ते उभं धरून बसत. गावात शिरलो की आधी पोरं मागे लागत आणि मग मोठी माणसं जमत. बाई एखाद्या शेतात जाऊन ते गिरमिट हातभर खोल फिरवत, वर आलेली माती शेतकऱ्याच्या मुठीत देत आणि म्हणत, "दाबून पाहा. ही ओल किती दिवस पुरन?" तो जे सांगेल ते वहीत लिहीत. मग तीच माती पिशवीत भरून नेत, मशीनवर तोलून, वाळवून पुन्हा तोलून ओल काढत, आणि तो आकडा शेतकऱ्याच्या अंदाजाशेजारी लिहीत. मी एकदा म्हणालो, की मशीनचा आकडा असताना त्याचा अंदाज कशाला? त्या म्हणाल्या, मशीन मी गेल्यावर माझ्यासोबत जाते, याची मूठ इथंच राहते. दोघांचं किती जुळतं ते मला पाहायचं आहे. बहुतेक वेळा जुळायचं. काळ्या भारी जमिनीवाले सोयाबीनला दोन-तीन आठवडे सांगत आणि माळावरच्या मुरमाड जमिनीवाले आठवडाही सांगायला कचरत. हा फरक बाईंच्या वहीत ठळक होत गेला. एकच पाऊस, एकच खंड, पण खाली पीक तगतं आणि वर करपतं.

पुसदजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला होता. शिक्षण, नोकरी, बढत्या सगळं होऊनही त्यांची बोली सुटली नाही. जिल्ह्याच्या बैठकीतही त्या वऱ्हाडीतच बोलत. अहवाल मात्र असा स्वच्छ लिहीत की एक शब्द इकडचा तिकडे करावा वाटू नये. मी याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "कागदाले प्रमाण भाषा लागते. माणसाले कायले पायजे?"

आणखी एक गोष्ट मी आमच्या खात्यात कधी पाहिली नव्हती. बाई बेधडक 'माहीत नाही' म्हणत. आमच्याकडे अधिकाऱ्याला विचारलं आणि त्याला ठाऊक नसलं, तर तो आवाज चढवून काहीतरी सांगतो. बाई सांगत, "माहीत नाही. मोजू." सुरुवातीला लोकांचा त्यामुळे विरस व्हायचा. एवढी शिकलेली बाई, आणि हिला बोअरला पाणी लागेल की नाही हे सांगता येत नाही? पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला तेच लोक त्यांना स्वतःहून विहिरी दाखवायला नेत. ज्याला माहीत नाही म्हणता येतं, त्याच्या 'माहीत आहे'वर माणसं विश्वास ठेवतात, हे मी तेव्हा पाहिलं.

दिग्रसहून तासाभराच्या अंतरावर, माळाच्या टोकावर एक बंजारा तांडा आहे. वीस-पंचवीस घरं, एक विहीर, सगळी जमीन मुरमाड. पाऊस मोजायचं सरकारी यंत्र खाली, मंडळाच्या गावात. खाली पाऊस झाला की वरही झाला असं कागद धरून चालायचा. दरवर्षी पीक करपायचं, फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसायचा आणि टंचाईच्या यादीत तांड्याचं नाव नसायचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सोनीबाई नावाची साठीच्या पुढची एक बाई ओट्यावर बसली होती. तिनं आम्हाला नीट निरखून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या कागदावर लय पानी पडते म्हनते. ते कागदच आनून विहिरीत टाका न बाई." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं.

आराखड्याचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात माळावरच्या सगळ्या वस्त्यांना बोअर द्यावेत असं सुचवलं होतं. मला ते पटलं, तांड्यालाही पटलं. बाईंना नाही पटलं. या खडकात पाणी वरच्या थरातल्या भेगांतच थोडं साठतं, बोअर खोल गेला की तेच खाली ओढून नेतो आणि विहीर आटते, असं त्यांनी तांड्यावर चूल-फुंकणी आणि चाळणी मांडून समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण चेहरे पडले. त्या दिवशी परतताना दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या त्या आपणहून सांगू लागल्या.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका गावात बोअरची जागा दाखवली होती. पाणी असं उसळलं की लोकांनी नारळ फोडला, त्यांच्या गळ्यात हार घातला. तीन उन्हाळे बोअर धो धो चालला. चौथ्या उन्हाळ्यात त्यांचं त्या गावात सहज जाणं झालं. गावाच्या कडेला एक जुनी विहीर होती, ज्यांना बोअरचं पाणी मिळत नसे ती घरं तिच्यावर अवलंबून होती. ती कोरडी पडली होती. एक बाई बादली घेऊन काठावर उभी होती. तिनं यांना ओळखलं.

"काहीच बोलली नाही ते," बाई म्हणाल्या. "शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं. आपली बादली पालथी घालून तिच्यावर बसली अन् माह्याकडे पाहत राह्यली. माहं शास्त्र अर्धं होतं, राऊतभाऊ. पाणी कुठं आहे तेवढंच मी मोजलं. कोनाचं आहे ते मोजलंच नाही."

गाडी लागली. त्या उठल्या, पदर नीट केला आणि चढून गेल्या. 

मग त्यांनी ठरवलं की बोअर नको म्हणायचं तर त्याऐवजी काय हे सांगता आलं पाहिजे, आणि तांड्याचं दुखणं कागदाला पटेल अशा भाषेत मांडता आलं पाहिजे. माळावरच्या सात वस्त्यांत त्यांनी प्लास्टिकचे साधे पाऊसमाप लावले. रोज सकाळी साडेआठला ते पाहायचं आणि लिहायचं काम तिथल्या बचत गटाच्या बायकांनी अंगावर घेतलं. आठवड्यातून एकदा विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं. कठड्यावर तेलरंगाची लाल खूण केलेली, तिथूनच टेप सोडायचा. तांड्यावर हे काम सोनीबाईची सून कविता करायची. सोनीबाईला लिहिता येत नव्हतं आणि सुनेच्या वहीत आपला काही भाग नाही हे तिला सोसेना. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी सोनीबाईला घराच्या आतल्या भिंतीची एक बाजू नेमून दिली. कोरडा दिवस गेला की गेरूची उभी रेघ, पाऊस आला की चुन्याचा ठिपका. पाऊस कशाला म्हणायचं याचाही नियम ठरला: अंगणातली माती पायाला चिकटली तर पाऊस, नुसती शितडी आली तर नाही. सोनीबाईनं हे काम देवपूजेसारखं धरलं.

माझं काम सोपं होतं. दर पंधरा दिवसांनी सातही वस्त्यांत जायचं, मापं जागेवर आहेत का, उघड्यावर आहेत का ते पाहायचं आणि तपासणीच्या रजिस्टरमध्ये सही करायची. पहिल्या पावसाळ्यात मी इमानानं गेलो. दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता चिखलाचा, कार्यालयात पंचनाम्यांची कामं, घरी मुलीची बारावी. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. मग मागच्या-पुढच्या सगळ्या तारखांपुढे मी एका दुपारी बसून सह्या करून टाकल्या. मापाला काय होणार आहे, ते काही पळून जात नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर यवतमाळला बैठक होती. आराखड्याचे नियम त्यात पक्के व्हायचे होते. आठवडाभर आधी बाई म्हणाल्या, एकदा सगळ्या वस्त्या फिरून येऊ. त्यांच्या मांडणीत सगळ्यात बोलका आकडा तांड्याचा होता. खालच्या मंडळाच्या गावापेक्षा तिथं पाऊस खूपच कमी दिसत होता. आम्ही तांड्यावर पोचलो. बाई मापापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वर पाहू लागल्या. माप गोठ्याच्या भिंतीला लागून होतं आणि त्यावर कडुनिंबाची फांदी आली होती. कवितानं सांगितलं की बकऱ्या ते पाडत होत्या म्हणून तिनं आडोशाला हलवलं. कधी? पावसाळा लागला तेव्हाच. म्हणजे त्या सबंध पावसाळ्याचा आकडा खोटा होता. भिंतीनं आणि फांदीनं अडवलेलं पाणी मापात पडलंच नव्हतं.

"सर आले असते तं इचारून हलवलं असतं," कविता साधेपणानं म्हणाली.

 बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फांदीची उंची मोजली, भिंतीचं अंतर मोजलं, सगळं वहीत लिहिलं. परतताना मी धीर करून म्हणालो, की हे कोणाला कळणार नाही. आणि तांड्यावर पाऊस कमी पडतो हे तर खरंच आहे, आपण काही खोटं सांगत नाही.

"खरं असन. पन माप खोटं आहे," त्या म्हणाल्या. "उद्या एखाद्यानं येऊन ते फांदी पाह्यली, तं तांड्याचं खरं दुखणंही खोटं ठरन. मंग त्याइले कोन विचारन?"

त्यांनी तांड्याच्या पावसाचा रकाना काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही हे सांगायला पुन्हा वर गेलो, तेव्हा सोनीबाई घरातून बाहेर आली नाही. आपल्या तांड्यानं खोटं लिहिलं असं बाई म्हणतात, असा तिचा समज झाला होता. बाई सरळ आत गेल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी दारात उभा होतो. चूक तुमची नाही, तपासायचं काम आमचं होतं, आम्ही तपासलं नाही, असं त्या तिला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. 'आम्ही' म्हणत होत्या. एकदाही त्यांनी 'राऊतभाऊंनी' म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं सोनीबाईनं विचारलं, "मंग माही भिंतही खोटी काय?"

बाई भिंतीकडे वळल्या. किती पाऊस पडला हे भिंत सांगत नव्हती. कोणत्या दिवशी पडला आणि कोणत्या दिवशी नाही, एवढंच सांगत होती, आणि त्याला बकऱ्या किंवा फांदी आड येत नव्हती. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि रेघा मोजायला बसल्या. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. मग शेजारच्या दोन वस्त्यांच्या नोंदी आणि विहिरीच्या पाण्याची खोली त्यांनी त्याच्याशी ताडून पाहिली. एखाद-दुसरा दिवस सोडला तर सगळं जुळलं.

बैठकीला त्यांनी सोनीबाईला सोबत नेलं. सोनीबाईनं ठेवणीतली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घातली होती, आरशाच्या तुकड्यांची. मोठ्या टेबलाभोवती दहा-बारा अधिकारी. बाईंनी बोलायला उभं राहून आधी चूकच सांगितली. एका वस्तीचं माप चुकीच्या जागी होतं, आमची तपासणी झाली नाही, म्हणून तो आकडा मी मांडत नाही. सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षस्थानी असलेले साहेब माणूस म्हणून सरळ होते. त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे राहिलं काय? बाईंनी भिंतीच्या रेघांची नक्कल, विहिरीची पातळी आणि बायकांनी पिशव्यांत भरून पाठवलेल्या मातीतली ओल असे तीन कागद एकाखाली एक ठेवले. पावसाळ्याच्या मध्यात सलग तीन आठवड्यांहून जास्त गेरू होता. त्याच दिवसांत मुरमाड जमिनीतली ओल संपत गेली होती आणि विहीर भरायची थांबली होती. खाली मंडळाच्या गावात मात्र त्या आधी दोन दिवसांत कोसळलेल्या पावसानं सरासरी पूर्ण केली होती.

एका अधिकाऱ्यानं शंका काढली, की ज्या बाईला लिहिता येत नाही तिला दोन-तीन महिन्यांपूर्वीचा कोणता दिवस कोरडा होता हे आठवणार कसं?  बाई खाली बसल्या आणि त्यांनी सोनीबाईकडे पाहिलं.

सोनीबाई उठली. "आठवत नाही साहेब," ती म्हणाली. "आठवाले लागू नये म्हनूनच तं त्याच दिवशी रेघ ओढली. माती पायाले चिकटली तं चुना, नाही चिकटली तं गेरू. माह्या पायाले खोटं बोलता येत नाही."

कोणी हसलं नाही. साहेबांनी नक्कल जवळ ओढून घेतली आणि रेघांवरून बोट फिरवत राहिले.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. सरकारी काम तसं होतही नाही. काही आठवड्यांनी सुधारित मसुदा आला. माळावरच्या वस्त्यांसाठी बोअर वगळले होते, त्याऐवजी उतारावर चर, बांधबंदिस्ती आणि विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी मुरवायची कामं होती. टंचाईच्या यादीच्या नियमात पावसाचा खंडही आला होता. मी खूश होऊन बाईंना फोन केला. त्या खूश नव्हत्या. नियमात लिहिलं होतं: मंडळाचा एकूण पाऊस कमी असल्यास 'आणि' सलग खंड पडल्यास. म्हणजे दोन्ही हवं. मंडळाचा एकूण पाऊस पुरेसा दिसला की तांडा पुन्हा बाहेर. एवढा खटाटोप त्या एका 'आणि'त वाहून जाणार होता. बाई त्या एका शब्दासाठी चार वेळा साहेबांच्या दालनाबाहेर जाऊन बसल्या. उन्हाळा लागला होता. एके दिवशी मी बाभुळगावला गावच्या घरी गेलो असताना त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "किंवा झालं, राऊतभाऊ," एवढंच म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्या रडत होत्या, हे मला जरा उशिरा कळलं.

पुढच्या पावसाळ्यात जुलै चांगला गेला आणि मग खंड पडला. मंडळाची सरासरी ठीक दिसत होती, तरी माळावरच्या सातही वस्त्या यादीत आल्या. चारा आधी पोचला, पाण्याची सोय विहीर आटायची वाट न पाहता झाली. चरांतून मुरलेल्या पाण्यानं तांड्याची विहीर त्या वर्षी होळीपर्यंत टिकली. सगळं काही बदललं असं नाही. बऱ्याच जणांची सोयाबीन गेली, तूर तेवढी तगली. पण तांड्याचं दुखणं पहिल्यांदा कागदाला दिसलं.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि पुसदला आपल्या घरी राहायला गेल्या. काही महिन्यांनी कळलं की त्या आजारी आहेत, नागपूरला उपचार चालू आहेत. मी पुसदला त्यांच्या घरी भेटायला गेलो. डोक्याला रुमाल, हात काडीसारखे झालेले. अंबाडीची भाजी आणि कण्या करायला लावल्या होत्या माझ्यासाठी. स्वतः दोन घास खाल्ले. जेवण झाल्यावर मी ते बोललो जे मला बोलायचं होतं. की त्या पावसाळ्यात मी गेलोच नव्हतो. रजिस्टरमधल्या सह्या खोट्या होत्या. तुम्ही साऱ्यांपुढे चूक अंगावर घेतली आणि मी गप्प बसलो.

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "मले तव्हाच समजलं होतं. पाच महिन्यांच्या सह्या, अन् पेन एक, वळण एक. मानूस पाच महिने एकसारखी सही करते काय?"

मग तुम्ही मला बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं.

 "बोलली असती तं तुम्ही भिऊन मोजलं असतं," त्या म्हणाल्या. "भिऊन मोजनारे लय आहेत आपल्याकडे. मले तुमी तसे नको होते. अन् त्याच्या नंतर तुमी एकही खाडा केला नाही, तेही मले माहीत आहे. कविता सांगत होती फोनवर."

 मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय आखडून घेतले आणि गाडीची वेळ विचारली.

त्यानंतर दीड महिन्यानं त्या गेल्या. पुसदला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो, कारण ही गोष्ट फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. सोनीबाई ओट्यावर होती. मी सांगितलं. ती मोठ्यानं रडली नाही. पदर डोळ्यांवर धरून बसली, आणि बाजूला कविता उभ्या उभ्या डोळे पुसत राहिली. आजूबाजूच्या बायका जमल्या. त्यांच्यात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलणं चाललं होतं, ते मला नीट समजलं नाही. फक्त 'याडी' हा शब्द दोन-तीनदा कानावर आला. याडी म्हणजे आई.

मग सोनीबाई मला म्हणाली, "साहेब लोक येते तं बाटली घेऊन येते. आमच्या हातचा च्या पेते, पन पानी पेत नाही. ते बाई पहिल्या दिवशी आली तं पहिल्यांदा पानी मांगलं. तांब्याभर पेली. मंग म्हने, आता दाखव तुही विहीर."

तिनं कविताला खूण केली. कवितानं आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे धरला. इतकी वर्षं मी त्या तांड्यावर जात होतो. माझ्या बॅगेत त्या दिवशीही दिग्रसहून भरून आणलेली बाटली होती. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यालो. सगळं प्यालो. मग उठून बॅगेतला टेप काढला आणि विहिरीकडे निघालो. त्या दिवशी मोजायचा वार होता.